गाडीचे दोन भाग

जर्मनीत रेल्वेने ताईकडे जाताना, समोर बसलेल्या आजींनी माझ्या चेहऱ्याकडे, मग हातातल्या तिकिटाकडे पाहिलं आणि अचानक माझ्यापुढे दोन्ही हात जोडले. मी भारतीय दिसते म्हणून नमस्कार करत असतील असं वाटून मीही संकोचून हात जोडले. त्या हसल्या. नकारार्थी मान हलवत, "नाइन, नाइन," म्हणत त्यांनी जोडलेले हात पुन्हा माझ्यासमोर धरले आणि सावकाश वेगळे केले, एक डावीकडे, एक उजवीकडे. मग तिकिटावरच्या गावाच्या नावावर बोट ठेवून त्यांनी मागच्या डब्यांकडे खूण केली.

तेव्हा कुठे कळलं. पुढच्या स्टेशनवर गाडीचे दोन भाग होणार होते, आणि ताई जिथे न्यायला येणार होती ते गाव दुसऱ्या भागाच्या वाटेवर होतं.

सकाळीच ताई फोनवर म्हणाली होती, "अडलीस तर विचार गं बाई कुणाला तरी. एवढं इंग्लिश मीडियममध्ये शिकलीस ते काय गप्प बसायला?" पण अनोळखी माणसाला काही विचारणं मला पुण्यातसुद्धा जमत नाही. इथेही आपण बरोबर बसलोय ना या शंकेने तासभर मी तिकीट उलटसुलट करत नुसती बसले होते.

स्टेशन आल्यावर आजी माझ्याबरोबर खाली उतरल्या, मागच्या डब्यापर्यंत आल्या आणि मी चढल्यावर लगबगीने आपल्या जागी परत गेल्या. थोड्या वेळाने त्यांचा भाग आमच्यापासून सुटून निघून गेला.

मनातलं चेहऱ्यावर दिसू नये याची मी नेहमी फार काळजी घेते. आज त्यांना ते दिसलं, आणि दिसलं म्हणून किती बरं वाटलं.