एका माठाचं पाणी

आप्पांना जाऊन दहा दिवस झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण ओसरीवर टेकला की हेच म्हणतो, "उभ्या जन्मात खोटं बोलला न्हाय हो तुमचा बाप." मी पाण्याचा तांब्या पुढं करते.

मी शाळेत होते तेव्हा निजामाच्या अमलाची शेवटची वर्षं होती. परंड्यात आप्पांचं कंदिलांचं आणि काचांचं दुकान होतं. उरलेल्या काचा राळेनं सांधून त्यांनी मला माशांची पेटी करून दिली. किल्ल्याच्या खंदकातले बोटाएवढे सहा मासे तीत सोडले. दोन दिवसांत पाणी गढूळलं. आडाला पाणी कमी, रोज बदलणं शक्य नव्हतं. म्हणून पेटीवर घडवंची मांडली आणि तिच्यावर बुडाला भोक पाडलेला माठ ठेवला. माठात खाली खडे, मग कोळसा, वर वाळू. पेटीतलं पाणी तांब्यानं उपसून माठात ओतायचं. ते थेंब थेंब गळत परत पेटीत यायचं.

आप्पांना दोन माठ हवे होते, एकाखाली एक. मी चार पुस्तकं वाचलेली. वाळूचा थर जाड केला की एक माठ पुरे, असं माझं म्हणणं.

"सहा तोंडं हायत," आप्पा म्हणाले. "एका चुलीवर भागंल का?"

"पाणी बघा की, किती नितळ पडतंय."

"तुला नितळ दिसतंय. माशाला इचार."

हा वाद मिटायच्या आतच गावात लुटालुटीची धास्ती वाढली. लोक लेकीबाळींना निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीला धाडू लागले. मलाही मावशीकडं पाठवायचं ठरलं. बैलगाडीत बसताना मी म्हणाले, "एकाच माठावर ठेवा, आप्पा. काय होईल ते खरं कळवा."

"खरंच कळवीन," ते म्हणाले.

जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती आप्पांची चिठ्ठी येई. 'सहाही मासे खुशाल. एक माठ पुरतो. तुझंच बरोबर ठरलं.' त्या चिठ्ठ्या मी पाटीच्या दप्तरात जपून ठेवल्या.

बार्शीच्या शाळेतल्या बाईंकडंही माशांची पेटी होती, वर दोन माठ. बाई मला त्यांच्या कपाटातली पुस्तकं वाचायला देत. एकदा त्यांचा एक माठ तडकला. त्या नवा आणणार होत्या. मी चिठ्ठ्या दाखवल्या.

"वडील स्वतः लिहितात ना?" बाई म्हणाल्या. "मग राहू दे दुसरा."

आठव्या दिवशी सकाळी बाईंचे मासे पालथे तरंगत होते. पाणी मात्र काचेसारखं.

"तुमच्या घरी मासे आहेत तरी का गं?" बाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता. त्यानंतर त्यांच्या कपाटातलं एकही पुस्तक मला मिळालं नाही.

राजवट गेली आणि मी परतले. दुकानात काचांचा चुरा झाला होता. तेही मला कुणी कळवलं नव्हतं. घरातली पेटी तेवढी शाबूत होती. तिच्यात ज्वारीचं बी भरलेलं.

"तू गेल्यावर चौथ्या दिवशीच मासे गेले गं," आप्पा म्हणाले.

"मग लिहिलंत कशाला?"

त्यांनी पेटीतलं बी चाळवलं. "खुशाल म्हणावं असं माझ्यापाशी दुसरं काय हुतं?"

मला त्यांची कीव आली नाही. आजही पुरती येत नाही. मासे मेले असं कळवलं असतं तर मी रडले असते, आणि बाईंना म्हणाले असते, दुसरा माठ आणा. बाईंचं मी आप्पांना कधीच सांगितलं नाही. पुढं कितीतरी वर्षं ते काही सांगू लागले की मी आधी दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घेई. ते त्यांना कळत होतं.

आज ईट गावाहून त्यांचे म्हातारे स्नेही आले. काठी भिंतीला टेकवून म्हणाले, "खोटं म्हणून न्हाय. तुला तरी कधी बोलला का?"

मी तांब्या खाली ठेवला.

"एकदा," मी म्हणाले.



म्हातारबांनी पाणी मागितलं.