खुणेला खूण

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या स्टेशनवर उभी होते. त्यांचे यजमान वसंतराव एवढंच म्हणाले, "सकाळी चहा घेतला, आणि..." पुढचं त्यांना बोलवेना. माझी ट्रेन आली आणि गेली. मी बाकावर बसून रडले.

आमची ओळख ब्लाउजची. इथल्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाउज त्याच शिवायच्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या मनाने घेतलं, प्रायमरी स्कूलमध्ये टीचिंग असिस्टंट व्हायचं. त्यासाठी जीसीएसई, म्हणजे इथल्या दहावीचं, मॅथ्स पास हवं. पहिल्यांदा नापास झाल्या, तेव्हा मीच फुशारकीने म्हटलं, "दर शनिवारी या, मी शिकवते."

भूमितीत घोडं अडलं. शैलाताई कोन नजरेनेच मोजायच्या, आणि शिवणारीची नजर ती, सहसा चुकायची नाही! पण परीक्षेतल्या आकृत्याच वेड्यावाकड्या, आणि शेजारी तशी सूचनाही छापलेली. "नॉट ड्रॉन ॲक्युरेटली म्हणे," त्या चिडायच्या, "मग काढली कशाला?" एका समद्विभुज त्रिकोणावर तीन शनिवार गेले. शेवटी माझा तोल सुटला. "अहो, दिसतं ते बघू नका! दोन बाजूंवर छोट्या रेघा आहेत ना? म्हणजे त्या सारख्या. मग त्यांच्या समोरचे कोनही सारखे. संपलं!" मी पेन आपटलं. आता आठवलं की लाज वाटते.

 शैलाताईंनी पिशवीतून बेतलेला, चुरगळलेला ब्लाउज काढला. दोन तुकड्यांच्या कडांवर निळ्या खडूच्या खुणा होत्या. "ही कड या कडेला लागणार. कापड कसंही पडू दे, खूण खोटं बोलत नाही... अगं मुग्धा, हेच की हे!" एकरूप त्रिकोण मला शिकवावेच लागले नाहीत. "तिन्ही बाजू जुळल्या की कोन जातात कुठे? पालथा घातला तरी तोच. डावी बाही उलटली की उजवी." इतकी वर्षं कोडिंग करून मला ते इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

त्या पास झाल्या. तीन वर्षं शाळेत रमल्या. गणिताला घाबरणारी पोरं हमखास त्यांच्याच टेबलाला यायची म्हणे.

परवा वसंतरावांनी एक पिशवी आणून दिली. आत मी शिवायला दिलेला ब्लाउज, शैलाताईंनी नुसता बेतून ठेवलेला, खुणांसकट. मी जन्मात कधी बटणसुद्धा लावलेलं नाही. कुणाकडे तरी शिवायला द्यावा, असं ठरवलं होतं... पण शनिवार होता. सुई ओवली आणि खुणेला खूण लावत बसले. शिवण वाकडी आली. शैलाताईंनी नक्की उसवायला लावली असती. "नॉट ड्रॉन ॲक्युरेटली," मी मोठ्याने म्हटलं आणि कितीतरी दिवसांनी हसले. बाही मात्र जागेवर बसली आहे. दुसरी येत्या शनिवारी लावेन.