न ऐकलेलं कडवं

पंप बनवणाऱ्या कारखान्यात तो लोखंडी दांडे कातणारा टर्नर होता. एकतीस वर्षं एकाच लेथपाशी उभा. फिरत्या दांड्याला हत्याराचं टोक टेकलं की जो आवाज निघतो, त्यावरून तो सांगायचा, “धार गेलीय, बदला.” बाकीचे मापं घेऊन जे ठरवायचे ते याला आधीच कळलेलं असायचं. म्हणून कारखान्यातल्यांनी त्याचं नाव ठेवलं कानसेन. पुढे सगळं गाव त्याला याच नावानं ओळखायला लागलं, त्याचं कारण मात्र वेगळं होतं. कानसेनला संगीत नाटकांचं वेड होतं.

वेड म्हणजे साधंसुधं नाही. लग्नाचं वय नाटकांच्या रांगांत उभं राहण्यातच निघून गेलं, असं त्याची ताई सगळ्यांना सांगायची. ही ताई वयानं आठ वर्षांनी मोठी, नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आलेली. दोघांचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत ताईचं शिलाई मशीन, दुसऱ्या खोलीत कानसेनच्या जुन्या नाटकांच्या जाहिरातींच्या चळती. “आग लागली तर आधी मला बाहेर काढशील की हे कागद?” असं ताई विचारायची. कानसेन थोडा वेळ विचारात पडायचा, आणि ताईला त्याचाच जास्त राग यायचा.

दर गुरुवारी संध्याकाळी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत चार डोकी जमायची. खोलीत काचा घासायचं यंत्र, फ्रेम्सनी भरलेले खण आणि भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. दुकानाचा मालक चष्मेवाला, शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर, इस्पितळातल्या नर्सबाई आणि कानसेन. नियम एकच होता. या आठवड्यात कोणतं गाणं डोक्यात बसलं आणि का, हे सांगितल्याशिवाय कुणी चहाला हात लावायचा नाही. चष्मेवाल्याला फक्त युगुलगीतं आवडायची. दोघं गात असले की बेसूर कोण झालं ते पकडता येत नाही, हे त्याचं म्हणणं. मास्तरांना कोणत्याही नाटकाचा दुसरा अंक अर्धा तास जास्तच वाटायचा. नर्सबाई कमी बोलायच्या, पण बोलल्या की चहा निवून जायचा.

या चौघांचं एक पानही निघायचं. मास्तर वळणदार अक्षरात ते लिहून काढायचे आणि नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीशेजारच्या काचेच्या फलकात ते लागायचं. लोक थांबून वाचायचे, नटमंडळी तर वाचल्याशिवाय मेकअपला बसत नसत. त्यातला गाण्यांवरचा मजकूर कानसेनचा. तो कुणाची भीड ठेवत नसे आणि खोटं कौतुकही करत नसे, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं.

त्या वर्षी ‘दिवाघर’ हे जुनं नाटक नव्या संचात उभं राहिलं. समुद्रकाठच्या दीपगृहाचा राखणदार आणि त्याची मुलगी यांची गोष्ट. तिसऱ्या अंकात बाप होडी घेऊन गेलेला असतो, वादळ आलेलं असतं, दिव्याचं तेल संपलेलं असतं. मुलगी वरच्या सज्जात उभी राहून बापाला गाण्यानं वाट दाखवते. कानसेननं ते नाटक चोविसाव्या वर्षी सगळ्यात मागच्या रांगेतून पाहिलं होतं. तेव्हाची गायिका असा आवाज लावायची की बसलेली खुर्ची थरथरायची. हे त्यानं गुरुवारच्या मंडळींना इतक्यांदा सांगितलं होतं की तो “तेव्हा” म्हणाला की चष्मेवाला डोळे मिटून घ्यायचा.

नव्या संचातली मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची. सकाळी टपाल कचेरीत काम करायची आणि दुपारनंतर तालमीला जायची. रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला कानसेन पाचव्या रांगेत बसला होता. सज्जातल्या गाण्याची पहिली दोन कडवी छान गेली. मग एकाएकी वाद्यं थांबली. मुलीचे ओठ हलत होते. कानसेन वाट बघत राहिला. काहीच ऐकू येईना. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ लिमलेटच्या गोळीचा कागद सोडत होता, त्याचा हात अर्ध्यावरच थांबला. मुलीचे ओठ मिटले, दिवे गेले. बऱ्याच वेळानं टाळ्या सुरू झाल्या आणि थांबता थांबेनात. कानसेनला वाटलं, लोकांना बिचारीची दया आली असावी.

गुरुवारी तोच आधी बोलला. “शेवटच्या कडव्याला आवाजच गेला पोरीचा. वाद्यंसुद्धा गप्प झाली, काय करतील?”

नर्सबाईंनी कप खाली ठेवला. “गेला? अहो, तिनं तो मुद्दाम खाली आणला. वाद्यं थांबवलीत ती ठरवून. इतकं हळू, की मला माझाच श्वास मध्ये यायला लागला. मी रडले त्या कडव्याला.”

“रडायला तुम्हाला निमित्त लागतं, बाई.”

“इस्पितळात पंचवीस वर्षं काढलीत मी, कानसेन. निमित्तानं रडायचे दिवस गेले माझे.”

मास्तर म्हणाले, “मलाही ऐकू आलं हं. अगदी बारीक, पण शब्द न् शब्द.”

“पाचव्या रांगेत ऐकू येत नाही ते गाणं कसलं?” कानसेन हट्टालाच पेटला. “तेव्हाच्या बाईंचा आवाज मागच्या रांगेत...” चष्मेवाल्यानं डोळे मिटले. गाण्यांचा मजकूर कानसेनचा, असं आधीपासून ठरलेलं होतं, म्हणून पुढे कुणी अडवलं नाही. पानावर त्यानं लिहिलं, “ज्या गाण्यानं होडी काठाला लागायची, ते सज्जाच्या कठड्यापर्यंतही पोचलं नाही. ही भूमिका या आवाजाला पेलणारी नाही.” वाक्य झकास जमलं होतं, त्याचं त्यालाच बरं वाटलं.

दोन आठवड्यांनी नर्सबाई पुन्हा प्रयोग बघून आल्या त्या तणतणतच. शेवटच्या कडव्याला आता सगळी वाद्यं वाजत होती आणि मुलगी गळ्याच्या शिरा ताणून गात होती. “मारून टाकलं हो त्यांनी ते कडवं,” त्या म्हणाल्या. कानसेनही त्या प्रयोगाला होता. या वेळचं गाणं त्याला ऐकू आलं होतं आणि ते त्याला बरंच वाटलं होतं. महिन्याभरात काचेच्या फलकात नाटक कंपनीची चिठ्ठी लागली. मुख्य गायिकेचा घसा बसल्यामुळे भूमिका दुसरी अभिनेत्री करील.

त्याच सुमाराला कारखान्यात एक पंपाचा दांडा बिघडला. हत्याराची धार पार गेली होती, लोखंड ओरबाडलं जात होतं, शेजारच्या लेथवरचा माणूस हात हलवत ओरडत होता, आणि कानसेन शांतपणे चाक फिरवत उभा होता. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. साहेब रागावले नाहीत, त्याचाच त्याला जास्त त्रास झाला. त्यांनी त्याला कान तपासून घ्यायला पाठवलं.

इस्पितळात एका काचेच्या कोठडीत बसवून त्याच्या कानांवर यंत्र चढवलं. आवाज आला की बटण दाबायचं. त्यानं काही वेळा दाबलं. मग बराच वेळ काहीच होईना. त्यानं काचेबाहेर यंत्र चालवणाऱ्या मुलीला विचारलं, “पुढचं सुरू नाही केलं का अजून?”

ती जवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, “काका, झालं. सगळं वाजवून झालं.”

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. सुरुवातीला बरी, पुढे कड्यावरून पडल्यासारखी खाली. “यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेलं ना? असंच होतं. सहा-सात वर्षं तरी झाली असतील. जाडा आवाज येत राहतो, बारीक आणि हलका जातो. म्हणून माणसाला वाटतं, आपले कान ठीक आहेत, समोरचाच पुटपुटतोय.”

कानसेनला कानांचं दुःख नंतर झालं. आधी डोळ्यांपुढे आले ते सज्जातले हलणारे ओठ आणि पुढच्या माणसाचा अर्ध्यावर थांबलेला हात. घरी आल्यावर त्यानं ताईला सांगितलं. ताई मशीन थांबवून म्हणाली, “मला माहीत होतं. तीन वर्षं मी तुला ओरडूनच हाक मारतेय. शेजारच्यांना वाटतं, मी भांडकुदळ आहे.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझ्याकडे दुसरं होतं काय?” ताई म्हणाली, आणि पुन्हा मशीनवर वाकली.

गुरुवारी त्यानं सगळं सांगून टाकलं. चष्मेवाल्यानं उगाच एक काच पुसायला घेतली. शेवटी नर्सबाई म्हणाल्या, “आम्हाला सांगून काय उपयोग? तिला सांगा.”

टपाल कचेरीत जायला त्याला चार दिवस लागले. मुलीला खिडकीवरून उठवून आत पत्रं वेगळी करायच्या टेबलावर बसवलं होतं. डॉक्टरांनी तिला तीन महिने बोलायचीसुद्धा बंदी केली होती. गळ्याला रुमाल, पुढ्यात टपालाचे गठ्ठे. कानसेननं आपण कोण ते सांगितलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला. तिनं एक रद्द झालेला फॉर्म पालथा घातला आणि लिहिलं, “तुमचं पान मला पाठ आहे.”

तो कसाबसा म्हणाला, “मी लिहिलं ते खोटं होतं. म्हणजे, मला ऐकूच आलं नव्हतं. माझे कान गेलेत. तुमचा आवाज गेला नव्हता.”

तिची पेन्सिल चालू लागली. “हळू गायचं हे मीच ठरवलं होतं. बाप फार लांब गेलाय, ऐकणार नाही, हे तिला कळतं आणि तरी ती गाते. दिग्दर्शकांना मुश्किलीनं पटवलं होतं. तुमचं पान आल्यावर ते म्हणाले, बघ. मलाही वाटलं, पोचतच नसेल. मग मी ओरडायला लागले.”

कानसेननं ते दोनदा वाचलं. मुलीनं फॉर्म ओढून घेऊन खाली एक ओळ लिहिली. “त्या वेळी लोक काय करत होते? तुम्ही बघितलं असेलच ना?”

“माझ्यापुढे एकजण गोळीचा कागद सोडत होता,” तो म्हणाला. “तुमचं कडवं सुरू झालं आणि त्याचा हात थांबला. संपेपर्यंत तसाच, हवेत. त्यानं गोळी खाल्लीच नाही. टाळ्यासुद्धा बऱ्याच वेळानं आल्या. मला वाटलं, लोकांना तुमची दया आली.”

मुलीनं मान वळवून खिडकीकडे बघितलं. पुन्हा वळली तेव्हा डोळे ओले होते. तिनं लिहिलं, “माफ केलं असं लिहिणार नाही. अजून राग आहे.” आणि पत्रांचा पुढचा गठ्ठा जवळ ओढला.

त्या आठवड्याचं पान मास्तरांनी लिहून काढलं नाही. कानसेननं स्वतःच्या ओबडधोबड अक्षरात लिहिलं. आपले कान गेलेत, त्या कडव्याबद्दल लिहिलेलं सगळं चुकीचं होतं, ते कडवं ज्यांनी ऐकलं त्यांनी नशीब समजावं आणि यापुढे गाण्यांवर नर्सबाई लिहितील. नाट्यगृहापाशी लोक वाचून हळहळले, काही हसले. कारखान्यातले त्याला कानसेन म्हणताना अडखळायला लागले, तेव्हा तोच म्हणाला, “म्हणा रे, सवय आहे.” साहेबांनी त्याला माप तपासायच्या खोलीत बसवलं. कानांत यंत्रं आली. त्यातून ताईचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा आणि गाणं म्हणजे नुसता किलबिलाट. नाटकाला जाणं त्यानं सोडलं नाही. पण गुरुवारी आता तो मत देत नसे, विचारत असे. “तिथं तिनं श्वास कुठं घेतला?” “दुसऱ्या ओळीला वाद्यं होती का?” नर्सबाई सांगायच्या आणि तो डोकं खाली घालून ऐकायचा.

‘दिवाघर’ त्या दुसऱ्या अभिनेत्रीनंच शेवटपर्यंत केलं. टपालातल्या मुलीचा आवाज परत आला, पण थोडा खालच्या पट्टीत. चार-पाच महिन्यांनी एका गुरुवारी नर्सबाई तिला घेऊन चष्म्याच्या दुकानात आल्या. कानसेन उठून उभा राहिला. तिनं मानेनं ओळख दिली आणि मास्तरांशेजारी बसली. थोड्याच वेळात तिचं आणि मास्तरांचं दुसऱ्या अंकांवरून चांगलंच जुंपलं. तिच्या मते नाटकं लांब नसतात, लोकांचं जेवण आधी झालेलं नसतं. चष्मेवाला इतका हसला की त्याच्या हातातली फ्रेम पडली.

मग ती कानसेनकडे वळली. आता ती तोंड त्याच्याकडे करून, शब्द सुटे सुटे करून बोलत होती. “काका, तुम्ही पहिलं गाणं कोणतं ऐकलंत? नाटकातलं.”

“ते? ते कुणाला आठवतही नसेल. एका धोबिणीच्या नाटकातलं होतं. सात वर्षांचा होतो मी.”

“म्हणून दाखवा.”

“नको, पोरी. माझं मलाच ऐकू येत नाही आता. सूर कुठं जाईल, पत्ता लागणार नाही.”

“आम्ही चार जण ऐकतोय की,” ती म्हणाली.

कानसेननं यंत्रं कानांतून काढून टेबलावर ठेवली आणि सुरू केलं. सूर पहिल्याच ओळीला घसरला. मास्तरांनी मान खाली घातली, नर्सबाईंनी पदर सारखा केला. मुलीनं मात्र त्याच्यासमोर, त्याला दिसेल असं, टेबलावर बोटानं ठेका धरला. त्या बोटाकडे बघत बघत तो धोबिणीचं सगळं गाणं, तिन्ही कडवी, म्हणत गेला. कुणी त्याला थांबवलं नाही.