वहिनींचा गचका आणि मागचा एक्सल

आमच्या वहिनींना त्या डोंगरात नावाने कोणी ओळखत नाही. 'गचकेवाल्या बाई' म्हटले की शेंबडे पोरही बोट करून दाखवते. थोरले बंधू गेले तेव्हा त्यांची जुनी फोर-बाय-फोर गाडी विकून टाकावी, असे समस्त नातलगांनी सुचवले होते. आमच्या घराण्यात सल्ला हीच एक गोष्ट न मागता मिळते. वहिनींनी सर्वांचे ऐकून घेतले, किल्ली उचलली आणि वरच्या वस्तीतील दवाखान्याची औषधे व परिचारिका पोचवण्याचे बंधूंचे काम स्वतः सुरू केले.

त्या वाटेला रस्ता म्हणण्याचे धाडस केवळ बांधकाम खातेच करू शकते. शेवटच्या टप्प्यात उघड्या कातळाच्या पायऱ्या आहेत. तेथे एक चाक हमखास अधांतरी राहते. साध्या गाडीत अशा वेळी मोकळे चाक गरगर फिरते आणि दगडावर टेकलेले चाक ढिम्म हलत नाही. यावर वहिनींचा उपाय ठरलेला होता: स्टिअरिंग पूर्ण वळवायचे, इंजिनाला डरकाळी फोडायला लावायची आणि क्लच एकदम सोडून द्यायचा. हाच तो गचका. चाके किंचाळत, दगड उडत आणि गाडी उडी मारून पायरी चढे. शेजारची परिचारिका औषधांची पेटी छातीशी धरून डोळे मिटून बसे. कधी कधी दहा उड्या मारूनही गाडी जागची हलत नसे, मग वस्तीतली माणसे धक्का देत.

यंदा दवाखान्याच्या समितीला अकस्मात शिस्तीचा उमाळा आला. भरलेली गाडी कोणाचाही धक्का न घेता जो वर नेईल, त्यालाच हे काम मिळेल, असे जाहीर झाले. नवी कोरी गाडी बाळगणारा एक वाहतूकदार लगेच पुढे सरसावला. इतकी वर्षे कातळ झिजवणाऱ्या बाईंना निदान विचारावे, हे कोणास सुचले नाही.

मी म्हटले, "वहिनी, आता वय झालं. सोडा ना."

"आणि काय करू? दिवसभर खिडकीत बसून तुमची वर्तमानपत्रातली तक्रारपत्रं वाचू? त्यापेक्षा कातळ बरा, भाऊजी."

त्यांनी मागच्या चाकांसाठी लॉकर आणला. हे यंत्र दोन चाकांच्या मधल्या दातेरी चाकांच्या खोक्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, बसते आणि बटण दाबताच दोन्ही चाकांना एकमेकांशी जखडते. मग एक चाक हवेत असले तरी दुसरे ओढतेच. खोक्यावर स्तुतीची खैरात होती. मात्र एक चाक हवेत असताना इंजिनाचा सारा जोर टेकलेल्या चाकाच्या एकट्या एक्सलवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, येतो, याविषयी अवाक्षर नव्हते. वस्तूचे गुण गाणारे पायलीला पन्नास मिळतात. तिच्यामुळे कोणाच्या कमरेवर भार येईल, हे सांगण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते.

लॉकर बसवणारा होता वहिनींचा जावई. त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. त्याला धोका स्वच्छ दिसत होता. परंतु सासूसमोर त्याची वाचा बसते. गाडीखाली आडवा पडल्यापडल्या तो बायकोला म्हणाला, "आईंना सांग, जाड एक्सल मागवलेत. तोवर गचका बंद. पूर्वी चाक घसरायचं, म्हणून एक्सल वाचायचा."

माझी पुतणी आईकडे गेली. आईच्या चालवण्याला नावे ठेवणे तिला जिवावर आले, म्हणून गचक्याचा उल्लेख तिने परस्पर गाळला.

"हे म्हणतात, एक्सल बदलायला हवेत. जरा नाजूक आहेत."

"नाजूक? लग्नात तुझा नवराही नाजूकच दिसत होता. टिकला ना?"

गाडीखालून पाना पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी कातळावर बटण दाबले आणि सवयीने क्लच सोडला. चाके घसरली नाहीत. दगड उडाले नाहीत. फक्त बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि उजवा एक्सल तुटला. परिचारिका पेटी घेऊन उरलेला चढ पायी चढली. वहिनी मात्र डाव्या बाजूच्या एकाच एक्सलवर, लॉकर तसाच चालू ठेवून, मुंगीच्या पावलांनी गाडी खाली घेऊन आल्या.

गॅरेजच्या दारात त्या उतरल्या, तेव्हा चेहरा पार पडला होता. "गेलं काम," एवढेच म्हणाल्या.

जावयाने तुटलेला तुकडा बाहेर काढला. तो पिळलेल्या फडक्यासारखा दिसत होता. त्याने बायकोकडे पाहिले. शेवटी त्याने घसा खाकरला.

"आई, एका एक्सलवर एवढी उतरण उतरलात?"

"मग काय उचलून आणू गाडी?"

"म्हणजे तुम्हाला हळू चालवता येतं."

वहिनींनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याच्या जागी मी असतो तर गाडीखाली परत गेलो असतो.

"हे आधी का नाही बोललात, जावईबापू?"

"निरोप पाठवला होता."

तिघांनीही पुतणीकडे पाहिले. ती म्हणाली, "तू चिडली असतीस ना गं!"

"चिडले असते. एक्सल वाचला असता."

चाचणीपर्यंत जाड एक्सल आले नाहीत. आपल्याकडे गरज सरल्यावरच माल येतो. जावयाने जुन्याच जातीचा दुसरा बसवला आणि रोज संध्याकाळी स्वतः शेजारी बसून सराव करून घेतला. चाके सरळ. पायरीशी आल्यावर बटण. क्लच हळूहळू पूर्ण सोडून मगच ॲक्सिलरेटरवर हलका पाय. वहिनींचा पाय शिवशिवे. तो नुसते "आई" म्हणे.

चाचणीत नवी गाडी झोकात गेली, पण वरच्या पायरीवर चाके गरगरली आणि माणसांनी तिला मागून रेटले. मग वहिनी निघाल्या. इतक्या हळू, की बघ्यांतून कोणी ओरडले, "बाई, झोप लागली का?" एकेक पायरी गाडीने जणू चाचपून घेतली. एक चाक वर लटकले, एक्सल कण्हला, वहिनींचे ओठ घट्ट मिटले. पाय मात्र जागचा हलला नाही. गाडी वर पोचली.

समितीच्या अध्यक्षांनी काम त्यांच्याकडेच ठेवले आणि अभिनंदन गाडीचे केले.

वहिनी जावयाला म्हणाल्या, "जाड एक्सल येऊ देत. मग बघते या समितीकडे."

"आले की बसवतो. पण गचका सुरू केलात, तर एक्सल टिकतील आणि मधली दातेरी चाकं जातील. ती कातळावर बदलता येत नाहीत, आई."

वहिनींनी लेकीला विचारले, "घरीही असाच बोलतो का गं?"

"छे! घरी कुठे बोलतात!"

वहिनी खळखळून हसल्या. दवाखान्यातून परिचारिकेने हाक मारली, तशा त्या पेट्या उतरवायला गेल्या आणि जावयाने गाडीखाली वाकून उजवा एक्सल एकदा हाताने चाचपला.