कौसाबाईची पारख

सोमवार, १२ फेब्रुवारी २००१. जवळ सव्वीस हजार रुपये, सगळे रोख. जालन्यात मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळच्या एका यंत्रांच्या दुकानात आम्ही तिघे हजर होतो: मी, माझे थोरले भाऊ नाना आणि आमच्या वाटूरच्या रानात गवत कापणारी कौसाबाई. दुकानदारानं आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या. कौसाबाई उभीच राहिली. तिच्या काखेत ओलं, मातीनं माखलेलं पोतं होतं. फरशीवर माती सांडायला लागली तसं दुकानदारानं विचारलं, "बाई, काय आणलंय यात?"

"हरळी हाय," ती म्हणाली. "तुमची मशीन कापती का न्हाई ते बगायला."

दुकानदार आमच्याकडे पाहून हसला. नानाही हसले. मी हसलो नाही, कारण तिला बरोबर आणायचं मीच ठरवलं होतं आणि त्यावरून घरी नानांचे बोल आधीच ऐकून झाले होते.

वाटूरला आमच्या रानातले पन्नास गुंठे फाट्यालगत, रस्त्याला लागून आहेत. त्या सुमारास आमच्या भागात मांडवाऐवजी हिरवळीवर लग्न लावायची हौस सुरू झाली होती. नानांनी रस्त्याकडेची कपाशी मोडून तिथं 'लॉन' करायचं ठरवलं. शहरातून आणलेलं महागाचं गवत पहिल्याच उन्हाळ्यात जळून गेलं. मग कौसाबाईनं सांगितलं, हरळी लावा. हरळी म्हणजे आमच्याकडे शेतकऱ्याची जन्माची वैरीण. कितीही खोदली तरी काळ्या मातीत तिचं मूळ राहतंच. "आमचा जलम हरळी खंदण्यात गेला," कौसाबाई म्हणायची, "आन् तुमी तिला पाणी द्यून राह्यले. चालू द्या. तिचेबी दिवस आले म्हणायचे." हे बोलून तिनंच बांधावरची हरळी आणून पन्नास गुंठ्यांत लावून दिली. ती जळाली नाही.

कौसाबाई तेव्हा पंचावन्नची असेल. उंच, काटक, पाठीत किंचित वाकलेली. तिच्या हाताखाली चार बाया होत्या. पाचजणी ओळीनं उकिडव्या बसत आणि विळ्यानं कापत पुढं सरकत. कौसाबाई सगळ्यांत शेवटी असायची, म्हणजे तिला सगळ्यांचं काम दिसायचं. कुणी घाईनं खोल हात घातला की मागून आवाज यायचा, "अगं, हरळी हाय ती, मेथीची जुडी न्हाई. बुडापसून उपटाया बसलीस का?" काम संपलं की चपला काढून ती साऱ्या हिरवळीवरून एकदा अनवाणी चालायची. कुठं उंचवटा राहिला, कुठं खडा वर आला, ते तिला तळपायानं कळायचं. "डोळा फसतंय," ती सांगायची, "पाय न्हाई फसत."

पाचजणींना एका कापणीला तीन दिवस लागत आणि आठ दिवसांनी पुन्हा वाढ तयार. मे महिन्यापासूनच्या लग्नांची नोंदणी झाली होती. तेव्हा हिरवळ एकसारखी नसती तर दिलेले शब्द आणि घातलेला पैसा दोन्ही गेले असते. म्हणून पेट्रोलवर चालणारी मशीन घ्यायचं ठरलं. मी बसून हिशोब मांडला. चाळीस रुपये रोजानं पाच बायांचे तीन दिवस, एका कापणीला सहाशे. मशीन आली की एकच माणूस पुरणार होतं.

जालन्याला जाताना जीपमध्ये कौसाबाईनं विचारलं, "भाऊ, मशीन आल्यावर तुमच्या हिशोबात आमच्या पाचातल्या किती राह्यत्यात?"

खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हणालो, "एक."

ती म्हणाली, "द्वारका म्हणूनच नको जाऊ म्हणीत होती." द्वारका तिची जाऊ, त्याच पाचांतली. "म्हनली, आपल्याच पोटावर पाय द्यायला निघालीस का? मी म्हन्लं, मशीन तर येनारच. वाईट आली तर आपल्या हातानं लावलेलं रान जाईल. मंग पाहून तर घेऊ."

दुकानात तीन मशिनी होत्या. माझ्या खिशातल्या कागदावर तिघींची किंमत, पात्याची रुंदी आणि दर इंचाला किती पैसे पडतात ते लिहिलेलं होतं. मोठी मशीन चोवीस इंची, पंचवीस हजार आठशे. इंचाला एक हजार पंच्याहत्तर. तिसरी सोळा इंची, साडेअठरा हजार; इंचाला अकराशे छप्पन. मधली एक होती, पण तिचे भाग मुंबईहून मागवावे लागत, म्हणून ती मी वाटेतच बाद केली होती. मी कागद काढून मोठ्यानं वाचला; तो सरळ सांगत होता, मोठी घ्या. नानांनाही तीच हवी होती. तिला हिरवा रंग होता, पुढं रुळासारखं फिरणारं पातं होतं आणि मागं गवत गोळा करायची पेटी.

"दिसायला कशी आहे पाहा," नाना म्हणाले. "पाहुण्यांच्या नजरेत भरली पाहिजे."

"पाव्हणे मशीन बगायला येत्यात का नवरी?" कौसाबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आन् भाऊ, तुमचा तो इंच कोन खानार हाय? चालवून दावायला सांगा."

दुकानदार कुरकुरला. पण सव्वीस हजारांचं गिऱ्हाईक कोण सोडतो? दुकानामागं मोकळी जागा होती. कौसाबाईनं पोतं उघडलं. आमच्या रानातली हरळी तिनं मातीच्या ढेपांसकट चौकोनी कापून आणली होती, असे सहा तुकडे. जागा थोडी उकरून ते शेजारी शेजारी बसवले, तांब्याभर पाणी मागून शिंपडलं आणि पायानं दाबून पक्के केले. एवढ्यात पंधरा मिनिटं गेली. नाना घड्याळ पाहत होते. ती म्हणाली, "मालक, जल्दी करू नका. वरात न्हाई निघाली."

मोठी मशीन सुरू झाली. पहिल्या तुकड्यावरून छान गेली. दुसऱ्यावर कड्कन आवाज आला आणि रूळ जागीच अडकला. दुकानातल्या मिस्त्रीनं इंजिन बंद करून हात घातला, तर सुपारीएवढा खडा पात्यात रुतला होता आणि पात्याला खाच पडली होती.

दुकानदार चिडला. "बाई, खडा कशाला ठेवला मध्ये?"

"म्या न्हाई ठिवला," ती शांतपणे म्हणाली. "रानातच आस्तो त्यो. असे लई हायेत. तुमच्या मशीनसाठी रान चाळून घ्यावं का आमी?"

मिस्त्री खाली मान घालून हसला. दुकानदारानं मग सोळा इंची मशीन बाहेर काढायला लावली. तिचं पातं पंख्यासारखं आडवं फिरणारं, वरून लोखंडी झाकण, मागची चाकं मोठी. ती चाकं कौसाबाईनं आधी वितीनं मोजली. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्यात लहान चाक अडकतं, हे आम्हा दोघा भावांच्या ध्यानातही आलं नव्हतं. मशीन उरलेल्या तुकड्यांवरून गेली. खडखड झाली, एक खडा झाकणाच्या आत आपटला, पण पातं थांबलं नाही.

"आता बंद करा," ती म्हणाली. "मी चालू करते."

दुकानदार म्हणाला, "दोरी ओढायचं काम आहे बाई. पुरुषाचा हात लागतो."

"विहिरीची दोरी कोन वडतं तुमच्या घरी?"

तिनं पदर खोचला, झाकणावर पाय ठेवला आणि दोरी ओढली. एकदा, दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. तिनं ते बंद केलं आणि गरम असतानाच पुन्हा ओढून पाहिलं. "आमच्या हिरीवरचं इंजन थंडं आसलं की गुनाचं," ती मला म्हणाली, "गरम झालं की रुसतंय. हिचं पाहून घेऊ." दुसऱ्या ओढीला मशीन सुरू झाली. कौसाबाईनं मान हलवली. "बराबर हाय. हीच."

मी कागद खिशात ठेवला. त्यावरचा एकही आकडा चुकलेला नव्हता. पण आमच्या रानात खडे आहेत, भेगा आहेत, हे त्या कागदात कुठंच आलं नव्हतं.

नानांना मात्र राग आला होता. बाहेर येताच ते म्हणाले, "हुशार आहेस कौसाबाई. मशीन लहान घेतली की कापायला दीड दिवस लागणार. तुझाच रोज वाढला."

ती रस्त्यातच थांबली. "मालक, माझ्या मनात तसं आस्तं तर ती हिरवीच घिऊ दिली आस्ती. महिन्यात मोडली आस्ती. मंग तुमी सोता विळा घिऊन आमच्या दारी आल्ते आस्ते, आन् म्या सांगंल तो रोज दिला आस्ता."

तिचं म्हणणं खरं होतं. वाईट मशीन घेऊ देणं तिला किती सोपं होतं, आणि त्यात तिच्यासकट पाचही बायांचं काम वाचत होतं, हे मला तेव्हा उमगलं.

दुकानदाराला साडेअठरा हजार दिले. टेम्पोला अडीचशे. खिशात सात हजार दोनशे पन्नास उरले. परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा कौसाबाईनं विषय काढला.

"पैसे वाचले ना?"

"वाचले," मी म्हणालो.

"मंग माझं ऐका. लग्नाला फुलं कुठून येणार?"

"जालन्याहून."

"हिरीमागं आठ गुंठे पडीक हायेत. तिथं झेंडू करू द्या आमाला. रोपं, खत आन् पाइप त्या वाचलेल्या पैशातून घ्या. पाणी तुमचं, जिमीन तुमची, मेहनत आमची. निम्म्या बटईनं. मशीनीवर दोघी आळीपाळीनं राहू, बाकीच्या फुलात."

"आणि नफा झाला नाही तर?" नानांनी विचारलं.

"मालक, तुमच्या लॉनवर तुमी इच्यारलं व्हतं का असं?"

मी बशीतला चहा संपेपर्यंत मनाशी आकडे मांडले. लग्नामागं सत्तर-ऐंशी किलो झेंडू लागणार होता, जालन्याचं भाडं वाचणार होतं. हिशोब बसत होता. मी नानांना तसं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "करा काय करायचं ते." नानांच्या तोंडी हा होकारच असतो.

ती मशीन कौसाबाईनं पाच वर्षं चालवली. पहिले पंधरा दिवस तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग द्वारकेला शिकवलं, तेही तिच्या पद्धतीनं: आधी अनवाणी सारं रान चालायचं, वर आलेले खडे पदरात वेचायचे, मगच दोरी ओढायची. पात्याला धार ती स्वतः लावायची आणि मनगटावरचे केस कापले जातात का ते पाहायची. एकदा मी म्हणालो, मावशी, मशीनचं पातं आहे, विळा नाही. ती म्हणाली, "गवताला काय ठावं, काय लागलं ते? त्याला धार कळती." मशिनीचा आवाज ऐकून आत काय दुखतंय ते तिला समजे. एकदा तिनं 'हिला श्वास घेता येईना' म्हणून मिस्त्रीला बोलावलं, तर खरंच हवेची जाळी गवतानं भरून गेली होती. ती शाळेत गेली नव्हती, पण मला कुठलीही वस्तू घ्यायची असली की मी दुकानात तिच्यासारखा वागायचा प्रयत्न करतो. मला ते निम्मंच जमतं.

२००६च्या पावसाळ्यात ती गेली. काविळीचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं संपलं. शेवटच्या आठवड्यातही तिनं द्वारकेला निरोप पाठवला होता की रान ओलं आहे, मशीन काढू नको, चाकाच्या चाकोऱ्या पडतील.

पण तिची आठवण निघाली की मला ते आजारपण आठवत नाही, आमच्या लॉनवरचं पहिलं लग्न आठवतं. मे महिना होता. हिरवळ जाजम अंथरल्यासारखी सारखी झाली होती. वरपक्षाकडचे एक गृहस्थ वाकून हात लावून पाहत होते, खरं गवत आहे का म्हणून. कमानीला, गाडीला, गळ्यात सगळीकडे आमच्या विहिरीमागचा झेंडू होता. ऐंशी किलो उतरला, बाजारभाव अठरा, म्हणजे चौदाशे चाळीस. पाहुणे पांगल्यावर कौसाबाई आपल्या बायांना घेऊन हौदाजवळ आली.

नाना म्हणाले, "सातशे घे. वरचे वीस सोड."

"बिलकुल न्हाई. बटई म्हंजे बटई."

"वीस रुपयांसाठी अडतेस?"

"तुमी कामून अडून राह्यले मंग?"

आसपासचे आचारी हसायला लागले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "निम्मे सातशे वीसच होतात." त्यांनी पाकिटातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. तिनं तिथंच हौदाच्या कठड्यावर बसून वाटे केले. कौसाबाई आणि द्वारका दोघींना त्या महिन्यात मशीनचा रोज वेगळा मिळाला होता, म्हणून द्वारकेनं विचारलं, यात आपल्या दोघींचा वाटा कमी धरायचा का? कौसाबाई म्हणाली, "रोज गवताचा. ही फुलं समद्यांची." माणशी एकशे चव्वेचाळीस रुपये. सातशे वीस पूर्ण दिले. घ्यायला पाचहीजणी हजर होत्या.