हातातला पासपोर्ट

सखुबाईंना वाचता येत होतं ते नाव, तारीख आणि शिक्का एवढंच. पण घरातला कुठलाही कागद त्या घडीवरून आणि डागांवरून ओळखायच्या. उरणजवळच्या त्यांच्या गावात कोणाला कचेरीत जायचं असलं की तो आधी त्यांच्या ओटीवर येऊन बसे. कुठला कागद द्यायचा, कुठला नुसता दाखवायचा आणि कुठल्याचं नावही काढायचं नाही, हे त्या बसल्या जागी सांगत.

हे शहाणपण सहज आलेलं नव्हतं. मिठागराची जमीन संपादनात गेली त्या वर्षी त्यांचे सासरे चांगदेव यांनी मूळ कागद एका कारकुनाच्या हाती दिला आणि पोच घेतली नाही. कारकून बदलून गेला, कागदही गेला. पुढची अकरा वर्षं चांगदेव त्याच कचेरीच्या दाराशी हेलपाटे घालत राहिले. तेव्हापासून सखुबाईंनी घराला नियम घालून दिला, की कोणाला काही द्यायचं झालं तर झेरॉक्स द्यायची. नातवंडं, हितेश आणि प्राप्ती, पाढ्यांच्या आधी हे शिकली.

पुढे दोघंही शिकून लांब गेली. हितेश बेल्जियममध्ये अँटवर्पला एका जहाज कंपनीत लागला. प्राप्ती स्पेनमध्ये बार्सिलोनाला मिठागराच्या पाण्यावर संशोधन करायला गेली. त्यासाठी तिने दोन हंगाम आजीबरोबर शेजारच्या गावच्या मिठागरात उन्हात काढले होते. पाण्याचा रंग कसा बदलला की मीठ धरायला लागतं, हे तिला आजीनेच दाखवलं. चार वर्षांनी प्रबंध पुरा झाला. परीक्षकांपुढे आणि जमलेल्या लोकांपुढे शेवटची तोंडी परीक्षा ठरली, तेव्हा तिने फोनवर एवढंच सांगितलं, "आजी, तू समोर बस. मग मी कोणालाही उत्तर देईन."

म्हणून एकाहत्तराव्या वर्षी सखुबाईंनी पासपोर्ट काढला, व्हिसा मिळवला आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी त्या हितेशकडे पोचल्या. परीक्षा सकाळी दहाला होती. आदल्या दिवशी दुपारच्या विमानाने दोघांनी ब्रुसेल्सहून बार्सिलोनाला जायचं ठरलं.

हितेशने आजीला समजावून ठेवलं होतं, की युरोपात एकदा आत आलं की या देशातून त्या देशात जाताना कोणी शिक्का मारत नाही. पासपोर्ट नुसता हरवायचं निमित्त. त्याने दोघांचे पासपोर्ट कपाटात कुलूपबंद केले, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि रंगीत झेरॉक्स पिशवीत घातल्या. वर आजीचं आधारकार्डही घेतलं. आपण घराण्याचा नियम पाळतो आहोत, याचं त्याला जरा कौतुकच वाटत होतं.

विमानतळावर खिडकीतल्या बाईने झेरॉक्स पाहिल्या आणि मान हलवली. ती शांतपणे बोलत होती आणि हितेशचा चेहरा उतरत चालला होता. मग त्याने आजीला सांगितलं. मध्ये पोलीस शिक्का मारत नाहीत हे खरं, पण विमानात कोण चढतंय हे विमान कंपनीला बघावंच लागतं. युरोपातल्या माणसाला त्याच्या देशाचं ओळखपत्र चालतं. बाहेरच्या माणसाला मूळ पासपोर्ट हवा, आणि त्यासोबत व्हिसा किंवा रहिवासाचं कार्ड. हितेशचं कार्ड पाकिटात होतं, पण पासपोर्ट अँटवर्पच्या कपाटात. आधारकार्ड तर त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. घरी जाऊन यायला दोन तास आणि विमान सव्वा तासावर. पुढच्या ज्या विमानात जागा होती ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

हितेश बॅगेवर बसला. "चल आजी, घरी जाऊ. मी प्राप्तीला फोन करतो."

"माझा हाय," सखुबाई म्हणाल्या आणि स्वेटरच्या आतून कापडी पिशवी बाहेर ओढली. त्यात पासपोर्ट होता.

"तू कपाट उघडलंस? अगं, तुझाच नियम ना, मूळ कागद घरात ठेवायचा!"

"घरात ठेवा असं कवा बोलले मी? दुसऱ्याच्या हातात देऊ नका, असं बोलले. परक्याच्या मुलखात कागद एकीकडं आनि मी एकीकडं, हे मला न्हाय जमत. एवढा शिकलास, पन आयकायला न्हाय शिकलास."

हितेशने आजीला एकटीला धाडायला नकार दिला. भाषा येत नाही, रस्ता ठाऊक नाही, काही झालं तर. सखुबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"इमान तिथंच जातं ना? मधी कुठं उतरवत न्हाय?"

"नाही."

"मग उठ. बाईला सांग."

बाईने हात पुढे केला. इथे मात्र अडलं. सखुबाईंनी पासपोर्ट उघडून फोटोचं पान दाखवलं, मग व्हिसाचं पान दाखवलं, पण बोटं सोडेनात. बाई हसून काही म्हणाली. यंत्राखाली धरावा लागेल, हितेशने सांगितलं. मागे रांग वाढत होती. सखुबाईंना चांगदेवांचा रिकामा हात दिसत होता, आणि उद्याची प्राप्तीसमोरची रिकामी खुर्चीही.

"तिला बोल, पोच दे."

"आजी, इथे पोच नसते."

"बोल तू."

हितेशने ओशाळून भाषांतर केलं. बाईने गळ्यातलं स्वतःच्या फोटोचं ओळखपत्र काढलं आणि सखुबाईंच्या तळहातावर ठेवलं. सखुबाईंनी फोटो पाहिला, बाईचा चेहरा पाहिला, दोन्ही जुळतात याची खात्री केली आणि पासपोर्ट सोडला. यंत्र दोनदा चमकलं, विमानात चढायच्या चिठ्ठीवर शिक्का बसला, पासपोर्ट परत आला. त्यांनी पानं तपासली आणि मगच ओळखपत्र परत केलं. रांगेतल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

सोबतीला म्हणून चाकाची खुर्ची आली. सखुबाईंनी तीत बॅग बसवली आणि ढकलणाऱ्या माणसाच्या बरोबरीने चालत निघाल्या. वळणावर त्यांनी मागे पाहिलं. हितेश अजून तिथेच उभा होता. त्यांनी हातानेच त्याला जा म्हटलं. विमानाच्या दाराशी पुन्हा कागद दाखवायचे होते, ते त्यांनी मागायच्या आत पुढे धरले. विमानाने जमीन सोडली तेव्हा शेजारच्या तरुणाने डोळे मिटून घेतले होते. सखुबाई खिडकीतून बघत होत्या.

बार्सिलोनाला प्राप्ती विमानतळाच्या दारातच उभी होती. हितेशने फोन केलेला असूनही तिची नजर आजीच्या मागे कोणाला तरी शोधत होती. "खरंच एकटी आलीस?" तिने विचारलं. सखुबाईंनी मान डोलावली आणि जेवायला काय केलंस ते विचारलं.

सकाळी दहाला त्या पहिल्या रांगेत बसल्या. दीड तासात एक शब्द कळला नाही. पण पडद्यावर आलेल्या प्रत्येक मिठागराचा मालक त्यांना सांगता आला असता. तिघा परीक्षकांतल्या पिकल्या केसांच्या एकाने प्राप्तीला काही विचारलं. तिने उत्तर देता देता पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं आणि सगळी सभा वळून बघू लागली. सखुबाईंनी पदर सारखा केला, मान ताठ ठेवली.

परीक्षक बाहेर गेले, परत आले, उभे राहून काही बोलले. टाळ्या सुरू झाल्या आणि प्राप्ती धावत येऊन आजीच्या गळ्यात पडली. ती डॉक्टर झाली होती.

गर्दी ओसरायच्या आत ते पिकल्या केसांचे परीक्षक सखुबाईंसमोर आले, किंचित वाकले. प्राप्तीने सांगितलं, पाण्याचा रंग नेमका कसा ओळखायचा ते त्यांना तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे. सखुबाईंनी त्यांना आधी खुर्ची ओढून बसायला लावलं. हे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.