कुरुळी ते पिंपरी, डबलशीट

आमच्या वाईतली माणसं प्रवासाला निघाली की काशीला जातात, फार तर काश्मीरला. आणि परत आल्यावर घाटावर बसून बर्फाच्या गोष्टी सांगतात. मी ठरवलं, आपण असं काहीतरी बघून यायचं जे या मंडळींनी स्वप्नातसुद्धा बघितलं नसेल. म्हणून माघातल्या एका सकाळी मी एस.टी.त बसलो आणि चाकणच्या अलीकडे कुरुळी नावाच्या गावी उतरलो. तिथे माझी धाकटी बहीण गोदा दिलेली आहे. तिचे यजमान किसनराव, म्हणजे आमचे दाजी, कांदा पिकवता पिकवता पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात बोल्ट पाडायला लागले होते. माणूस रोज दहा मैल सायकल मारून कामाला जातो आणि दहा मैल मारून परत येतो, हे मला पाहायचं होतं.

इथे माझ्या वजनाबद्दल सांगायला हवं. मी कृष्णेत आंघोळीला उतरलो की पाणी घाटाची एक पायरी वर चढतं. वाईत हे सर्वांना ठाऊक आहे. कुरुळीत ठाऊक नव्हतं.

रात्री जेवताना मी म्हणालो, "दाजी, उद्या मी तुमच्याबरोबर येणार. डबलशीट." (म्हणजे एक जण चालवतो आणि दुसरा मागच्या कॅरियरवर बसतो.)

दाजींचा घास हातातच राहिला. गोदा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "दादा, तू आपला एस.टी.नं जा. ह्यांची नोकरी अजून टेंपरवारी हाय." (टेंपरवारी म्हणजे कायम न झालेली.) "दोनदा उशीर झालाय. आणिक एकदा झाला की नाव कमी. आता कायम व्हायला थोडंच दिस ऱ्हायलेत."

"मग उशीर करूच नये!" मी म्हणालो.

दाजी हसले. बायकोच्या भावाला नाही म्हणण्याची त्या मुलखात रीत नाही. "चला की दादा," एवढंच म्हणाले.

पहाटे अंगणात येऊन पाहतो तर सडकेवर सायकलींचा घोळका. कुरुळीची ही टोळी रोज एकत्र निघते. डोक्याला मफलर, हँडलला भाकरीचं फडकं. सर्वांत पुढे नामूअण्णा नावाचे पिकल्या मिशांचे गृहस्थ. मी कॅरियरवर बसलो तेव्हा सायकलीतून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"किसना," नामूअण्णा म्हणाले, "पाव्हणं हायती का पावसाळ्याची बेगमी?"

"गप चला, अण्णा," दाजी म्हणाले आणि पायडल दाबलं.

वारा समोरून होता. असा वारा मी जन्मात पाहिला नाही. वाटेत एक कोंबडा आरवला, तर त्याची बांग त्याच्याच घशात परत गेली. या वाऱ्यावर टोळीचा तोडगा असा : सगळ्यांनी एकामागे एक, चाकाला चाक लावून जायचं. पुढच्याने वारा छातीवर घ्यायचा. तो दमला की बाजूला होऊन शेपटाला यायचा आणि त्याच्या मागचा पुढे. कोणी हाक मारत नाही, कोणी सांगत नाही. दाजींच्या मागे मी होतो, त्यामुळे शेपटाकडची मंडळी खुशीत होती. "भावा, आज भिंतीच्या आडोशाला चाललोय!" असं मागून ऐकू आलं.

मोशीला इंद्रायणीच्या पुलावर पोचलो आणि थांबलो. बाजारचा दिवस! चाकणला निघालेल्या कांद्याच्या बैलगाड्या पुलावर समोरून येत होत्या, आणि मध्येच एका गाडीचं चाक निसटलं होतं. मागे गाड्यांची रांग लागली होती ती थेट भोसरीपर्यंत. (भोसरीपर्यंत नसेल, पण पुलाचं टोक दिसत नव्हतं हे खरं.) गाडीला गाडी भिडलेली, पायी जायलाही फट नाही.

मला वाटलं, आता सगळे बसतील, तंबाखू मळतील. नामूअण्णांनी सायकल खांद्यावर घेतली आणि सरळ पहिल्या गाडीवर चढले.

"आरं आरं, कांदा हाय त्यो!" गाडीवान ओरडला.

"आमी बी कांदावालंच हाय, पाय कुटं द्यायचा ठावं हाय!" अण्णा म्हणाले आणि पोत्यांवरून दुसऱ्या गाडीवर गेले.

मागून सगळी टोळी. खांद्यावर सायकली, पायाखाली कांदा, खाली बैल माना वर करून बघताहेत. मीही चढलो. तिसऱ्या गाडीपर्यंत निभावलं. चौथ्या गाडीवर मी मागच्या बाजूला पाय ठेवला मात्र, गाडीचा पुढचा भाग आभाळात गेला आणि दोन्ही बैल मागच्या पायांवर उभे राहिले. पुढे मी डोळे मिटून घेतले. मला गाडीवानांनीच हातोहात, पोत्यासारखं, पुलापार पोचवलं.

"काय भरलंय ह्यात?" एकाने विचारलं.

"वाई," दाजी म्हणाले.

पण हसायला वेळ नव्हता. सूर्य वर आला होता. टोळीने दात आवळून सायकली हाणल्या. दाजी मात्र मागे पडू लागले. भोसरीच्या आधीचा चढ लागला तेव्हा बाकीचे पार पुढे गेले होते, आणि दाजींच्या सदऱ्याची पाठ त्या थंडीत घामाने चिकटली होती.

"दाजी, मी उतरतो. चालत येईन."

"गप बसा, दादा. गोदीला काय सांगू? तुजा भाऊ रानात टाकला?"

मी आणखी एकदा म्हणालो. ते नुसतं पायडल मारत राहिले. तेव्हा मी मनाशी राजकारण केलं. सडकेकडेला एक विहीर होती, तिथे चढावर सायकल अगदी मुंगीच्या चालीने चालली होती. मी हळूच पाय टेकले आणि कॅरियरवरून अंग काढून घेतलं. सायकल बाणासारखी सुटली! बघता बघता दाजी चढ ओलांडून दिसेनासे झाले. मी स्वतःवर खूश झालो. शेजारच्या रानातल्या शेतकऱ्याने हरभऱ्याचा डहाळा दिला, तो सोलत, रमतगमत मी पिंपरीच्या वाटेला लागलो. वाटेत भेटेल त्याला सांगत होतो की मी आज एका माणसाची नोकरी वाचवली.

भोसरी मागे पडली. तोच समोरून एक सायकल वादळासारखी आली. वर दाजी.

"लागलं न्हाई न्हवं?" सायकल टाकून ते माझे गुडघे चाचपायला लागले. "कुटं पडलात?"

"पडलो नाही हो. उतरलो! तुम्ही वेळेत पोचावं म्हणून!"

"पोचलो व्हतो," दाजी म्हणाले. "गेटात गेलो आन् म्हनलं, उतरा दादा. बगतो तर मागं कुनीच न्हाई. मला वाटलेलं, वारा पडला म्हून सायकल हलकी झाली."

तेवढ्यात पिंपरीकडून भोंगा झाला. लांब, सावकाश, ऐकवेना असा. मी विचारलं नाही, कितवा. दाजींच्या तोंडावरून कळलं, हा शेवटचा. त्यांनी सायकल उचलली आणि म्हणाले, "बसा."

गेटावर हवालदार होता, मोठा दणकट. "किसन, आत आलेला माणूस म्हागारी का गेला रं?"

"मेव्हणं वाटंत हरवलं व्हतं."

हवालदाराने मला खालून वर बघितलं. त्याला बराच वेळ लागला. "ह्ये? ह्ये हरवलं?"

आतून साहेब आले. तरुण, पुण्याचे, इस्त्रीचे. "किसन, हा तिसरा उशीर. नियम माहीत आहे ना?"

मी पुढे सरसावलो. "साहेब, पुलावर दोनशे बैलगाड्या होत्या. आम्ही त्यांच्यावरून चालत आलो. बैल दोन पायांवर उभे..."

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या गोष्टीतला बराचसा भाग खरा होता, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

दाजींनी मला हाताने मागे सारलं. "साहेब, उशीर झाला ह्ये खरं हाय. नाव कमी करा. पर नव्या मानसांत लिवून घ्या. मी हितं हुबा हाय."

"नव्यांची भरती आज नाही."

"कवा हाय?"

"ते ठरलेलं नाही."

"मग मी हुबा हाय," दाजी म्हणाले.

आणि उभे राहिले. गेटासमोर, सडकेच्या कडेला, सायकलीला टेकूनसुद्धा नाही. मी पलीकडे लिंबाखाली बसलो. चहाच्या गाड्यावरून त्यांना चहा नेला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला. भाकरीही उभ्याने खाल्ली. "जरा टेका की," मी म्हणालो.

"साहेबानं तेवड्यात बगितलं तर म्हनंल, बसलाय."

साहेब जीपमधून बाहेर गेले, दाजी उभे. साहेब परत आले, दाजी उभे. ऊन डोक्यावर आलं, कललं. हवालदार मधूनमधून खोकत होता आणि दुसरीकडे बघत होता. वाईत कोणी विश्वास ठेवणार नाही, पण अर्धा दिवस मी एक अक्षर बोललो नाही.

संध्याकाळच्या भोंग्याआधी साहेब चालत गेटापर्यंत आले. "अजून इथंच?"

"व्हय, साहेब."

साहेब थोडा वेळ त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत राहिले. "उद्या या. पण उमेदवारी पहिल्यापासून. झालेले महिने धरणार नाही."

"व्हय, साहेब."

टोळी बाहेर पडली तेव्हा नामूअण्णांनी विचारलं, "काय झालं?"

"उद्यापास्नं पुन्हा पयल्यापास्नं."

अण्णांनी मान हलवली. हळहळ नाही, भाषण नाही. "मग मार पायडल. आन् पाव्हण्याला मैलामैलाला वाटून घ्या रं. कुनीतरी उपरण्यानं बांधा, म्हंजे गळायचं न्हाईत." परतीच्या वाटेवर मी कितीतरी कॅरियरांवरून गेलो, आणि प्रत्येक वेळी मला खरोखरच बांधलं.

घरी गोदा दारातच होती. मी तोंड उघडणार तोच दाजींनी सगळं सांगून टाकलं. कमीजास्त नाही, माझ्यावर बोट नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "म्हंजे उद्या लवकर उठाया हवं," ती म्हणाली आणि पीठ काढायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने सकाळच्या एस.टी.त बसलो. मोशीच्या पुढे गाडी तापली, ड्रायव्हर बादली घेऊन पाण्याला गेला. मी खिडकीत होतो. मागून घंटीचा आवाज आला आणि कुरुळीची टोळी शेजारून जायला लागली, चाकाला चाक लावून. वारा कालच्यासारखाच समोरून. सर्वांत पुढे, वारा छातीवर घेऊन, दाजी होते.

"दाजी!" मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडलो. "ओ दाजी!"

ते चार हातांवरून गेले. मान हलली नाही, डोळा हलला नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मी आणखी हाक मारली नाही. चढावर ती रांग बारीक होत गेली, मग दिसेनाशी झाली. ड्रायव्हर अजून पाणी घेऊन आला नव्हता.

आता घाटावर कोणी बर्फाच्या गोष्टी काढल्या की मी ऐकून घेतो. पिंपरीचं विचारलं तर गाड्यांवरून चालण्याचं सांगतो, बैल उभे राहिल्याचं सांगतो, लोक पोट धरून हसतात. गेटापाशी उभ्या माणसाचं मात्र अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्यात वाढवण्यासारखं मला काही सापडत नाही.